रणपिसेंच्या दुकानातलं पाचवं यंत्र

दुपारी बारा वाजता कोल्हेदऱ्यातलं देशी दारूचं दुकान बंद झालं. सव्वाबाराला ते पुन्हा उघडावं लागलं. उघडायला लावलं इंदूकाकू धायगुडे यांनी, ज्या ते बंद व्हावं म्हणून दोन वर्षं तालुक्याला खेटे घालत होत्या.

मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकाची तालुका बातमीदार होते. दुकानासमोर बायकांची गर्दी होती, हलगी वाजत होती. दारूखात्याचे निरीक्षक शिरसाट यांनी शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, कुलपाला पांढरं कापड गुंडाळलं आणि लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली. वाऱ्याने ती विझली. त्यांनी पुन्हा पेटवली. दुकानाचे मालक पोपटशेठ रणपिसे शेजारच्या खांबाला टेकून उभे होते. पायरीवर सोपान नावाचा एक गिऱ्हाईक रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो सकाळपासून तिथेच होता.

"साहेब, एक मिनिट आधी दिली असती तर काय बिघडलं असतं?" सोपान म्हणाला.

"पाय काढ पायरीवरनं. सील करायचंय," शिरसाट म्हणाले.

तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या बाजूने निनाद पाठक धावत आला. हा पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती.

"थांबा! मेन स्विच कुणी पाडला?"

"मी पाडला," शिरसाट म्हणाले. "आत स्पिरिट आहे. सील करण्याआधी वीज तोडायची, असा नियम आहे."

"आत यंत्र आहे साहेब! बॅटरी अर्धा तास चालते. यंत्र बंद पडलं तर मतदान रद्द होईल!"

हलगी थांबली. सगळ्या बायकांनी इंदूकाकूंकडे पाहिलं. काकूंनी दोन पावलं पुढे येऊन विचारलं, "कुठलं मतदान?"

"कालचंच. तुमचं."

काकूंचा चेहरा मला आजही आठवतो. त्यावर राग नव्हता. गिरणीचा पट्टा चालता चालता तुटला की त्यांचा चेहरा असा व्हायचा.

"उघडा दुकान," त्या म्हणाल्या.

इंदूकाकूंची पिठाची गिरणी रणपिसेंच्या दुकानाला लागून आहे. मधे एकच भिंत. नवरा गेल्यावर त्यांनी गिरणी एकटीने चालवली. त्यांच्या गिरणीत नंबर म्हणजे नंबर. सरपंचाच्या घरचा डबा असला तरी ओळीत. दळण वजन करून घ्यायचं, पीठ वजन करून द्यायचं, काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून. पण शेजारी दुकान आल्यापासून पायरीवर माणसं बसू लागली, मग लोळू लागली, मग येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना बोलू लागली. बायका दळण घेऊन पलीकडच्या गावी जायला लागल्या. डब्यांची ओळ आखडत गेली. आणखी एक वर्ष असंच गेलं असतं तर काकूंना गिरणी विकावी लागली असती. त्यांना दारूविषयी काहीही म्हणायचं नव्हतं. त्या मला म्हणाल्या होत्या, "प्यायची त्यानं प्यावी. माझ्या दारात नको."

बायकांनी सह्या केल्या, अर्ज दिला, आणि उभी बाटली की आडवी बाटली यावर मतदान झालं. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद. पहिल्यांदा ते कागदावर झालं. बाटली आडवी झाली. पण मतपेटी रात्रभर शाळेत राहिली होती, आणि शाळेचे मुख्याध्यापक काकूंचे भाचेजावई निघाले. रणपिसेंनी हरकत घेतली. निकाल अडकला तो अडकलाच.

दुसऱ्यांदा जिल्ह्यावरून नवा प्रयोग आला. टॅबवर मतदान, आणि नोंद ब्लॉकचेनवर. त्यासाठी चावडीपुढे सभा झाली, तिला मी हजर होते.

निनादने समजावलं, "प्रत्येक मताला एक कुलूप. ते आधीच्या मताच्या कुलपात अडकवलेलं. अशी साखळी. तिची नक्कल पाच यंत्रांवर, पाच जागी. एका जागी कुणी फेरफार केला तर बाकीची चार ओरडतील. एकदा झालेली नोंद कुणालाच बदलता येत नाही. कलेक्टरांनाही नाही. मलाही नाही."

ठकूआजी पुढेच बसल्या होत्या. त्यांनी हात वर करून कोपरापर्यंतचं गोंदण दाखवलं. "म्हंजे ह्ये. पुसाय गेलं तर कातडं निघंल, नक्षी निघायची न्हाय."

"अगदी बरोबर," निनाद म्हणाला.

"दुखतंय का?"

"नाही आजी."

"मग न्हाय बरोबर," ठकूआजी म्हणाल्या.

यंत्रं कुठे ठेवायची यावर वाद झाला. ग्रामपंचायत, शाळा, दूध डेअरी, गिरणी, अशी चार ठरली. पाचव्यासाठी कुणी मंदिर म्हणालं, कुणी दवाखाना. तेव्हा रणपिसे उठले. "चारही जागा काकूंच्या माणसांच्या. उद्या मी काय म्हणायचं?"

इंदूकाकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "पाचवं पोपटाच्या दुकानात ठेवा. कुलपात ठेवा, त्याच्या डोळ्यासमोर ठेवा. मग म्हण म्हणावं काय म्हणायचं ते."

लोक हसले. टाळ्याही पडल्या. रणपिसे बसले, पण पुन्हा उठले. "पाचातली किती चालू लागतात?"

"तीन पुरतात," निनाद म्हणाला.

"मग माझ्यावाचून चाललंच की! नावाला ठेवताय होय माझं यंत्र?"

"पाचही," इंदूकाकू म्हणाल्या. "पाचातलं एक जरी बंद पडलं तरी आमचं मत रद्द धरा. आता बस खाली."

"कधीपर्यंत?" निनादने विचारलं. त्याला ते भरायचं होतं.

"वरनं निकालावर शिक्का येईस्तोवर."

निनादने ते सगळं लॅपटॉपवर भरलं. यंत्र कुठल्या खोलीत आहे तेसुद्धा साखळीत गेलं. म्हणजे यंत्र हलवलं तरी छेडछाड, उघडलं तरी छेडछाड, मोठी बॅटरी जोडली तरी छेडछाड. सभेत त्याचं सगळ्यांना समाधान वाटलं. मी बातमीत लिहिलं होतं, 'राज्यातील सर्वांत चोख मतदान कोल्हेदऱ्यात'. मथळा वृत्तसंपादकांचा होता, पण मजकूर माझाच.

मतदान चोखच झालं. एकच तक्रार आली. टॅबवर काढलेली बाटली गोडेतेलाची दिसते, असं चार बायकांचं म्हणणं होतं. बाटली आडवी झाली. दुसऱ्या दिवशी शिरसाट लाख घेऊन आले, आणि मग ते झालं जे मी सुरुवातीला सांगितलं.

शटर वर गेलं. शिरसाटांनी मेन स्विच चढवला. यंत्राचा हिरवा दिवा अजून चालू होता. यंत्र माठ ठेवायच्या फडताळात, बाटल्यांच्या खोक्यांशेजारी ठेवलेलं होतं. निनादने भिंतीला पाठ टेकून श्वास सोडला.

"झालं ना?" शिरसाट म्हणाले. "आता यंत्र चालू राहू दे, मी बाहेरून सील करतो."

"वीज चालू ठेवून?" निनादने विचारलं.

"वीज चालू ठेवून नाही करता येत."

"मग माल बाहेर काढा, म्हणजे आगीचं भय नाही."

"माल जिल्ह्याचं पथक मोजतं. ते सील झाल्यावर येतं."

शिरसाटांनी हातातल्या लाखेच्या कांडीकडे पाहिलं आणि ती खिशात ठेवली. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागले. "सील नाही तर बंदी लागू झाली नाही. बंदी लागू नाही तर परवाना चालू. परवाना चालू तर..." त्यांनी रणपिसेंकडे पाहिलं.

"तर?" रणपिसेंनी विचारलं.

"मला नका विचारू."

सोपानने पिशवी झटकली आणि उभा राहिला. "मी विचारतो. देताय का न्हाय?"

रणपिसेंनी इंदूकाकूंकडे पाहून विचारलं, "काय करू काकू? देऊ?"

काकूंनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं. सोपानला बाटली मिळाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वृत्तसंपादक होते. "कोल्हेदऱ्याचं काय झालं? दुकान बंद की चालू? एका ओळीत सांग."

"बंद झालंय, पण उघडं आहे," मी म्हणाले.

"बाई, मला पहिल्या पानावर जागा ठेवायची आहे."

"ठेवू नका," मी म्हणाले.

दीड वाजता गावातली वीज गेली. आमच्या तालुक्यात ती रोजच जायची. बाकीच्या चारही जागी जनरेटर किंवा इन्व्हर्टर होता, फक्त दुकानात काही नव्हतं. दुकानातला पंखा थांबला. निनादने घड्याळाकडे पाहिलं. रणपिसेंनी दोन्ही हात वर केले. "मी काय केलं नाही हं! सगळे बघताय. लाइट गेली."

इंदूकाकू गिरणीत गेल्या. वीज नसली की त्यांची गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची, त्याला जनरेटर जोडलेला होता. चक्कीत त्या वेळी कुणाचे तरी गहू होते. इंजिन चक्की आणि जनरेटर दोन्ही एकदम ओढत नसे, म्हणून त्यांनी चक्कीचा पट्टा उतरवला. इंजिन सुरू झालं, धूर आला, आणि काकू वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून बाहेर आल्या. निनादने आणि डेअरीवाल्याने खिडकीतून वायर आत घेतली. हिरवा दिवा टिकला. दुकानातला बल्बही लागला. वर पंखा फिरू लागला, आणि त्याखाली सोपान बाकावर पाय पसरून बसला.

"काकू, पंखापण लागतोय बरं का," रणपिसे खिडकीतून म्हणाले.

"बंद कर तो."

"एकाच बटणावर आहे सगळं. बंद केला तर यंत्रही जाईल."

सोपान बाकावरून म्हणाला, "हवा झ्याक हाय काकू."

गिरणीत डबे घेऊन आलेल्या दोघी ओट्यावर थांबल्या होत्या. एकीने विचारलं, "काकू, माझं दळण?"

"बस. लाइट आली की."

"किती वेळ?"

"मला काय माहीत गं. मी काय वीज मंडळात आहे?" त्या पहिल्यांदाच चिडल्या. मग पदराने इंजिनावरचं पीठ पुसत बसल्या. जनरेटर शेजारच्या दारूच्या दुकानाला वीज देत होता आणि स्वतःच्या चक्कीला नाही.

त्या दिवशी मी बातमी दिली नाही. दिली असती तर ती चुकीची ठरली असती, कुठल्याही बाजूने.

पुढे काय झालं ते मी येऊन-जाऊन पाहिलं. निनाद म्हणाला, निकालावर जिल्ह्याचा शिक्का आला की यंत्रं बंद करता येतील. जिल्ह्याच्या ज्या कक्षाकडे हा प्रयोग होता तिथे काकू गेल्या, मी बरोबर होते. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "शिक्का लगेच देतो. फक्त बंदीची अंमलबजावणी झाल्याचा पंचनामा जोडा."

"म्हणजे सील केल्याचा?" काकूंनी विचारलं.

"हो."

"सील करायला यंत्र बंद करावं लागतं."

"मग करा."

"बंद केलं तर मतदान रद्द होतं."

साहेबांनी बशीतला चहा संपवला. "हा नियम कुणी घातला?"

इंदूकाकू म्हणाल्या, "मी."

साहेबांनी रिकामी बशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "नियम फार चांगला आहे."

परत येताना एसटीत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "तीन ठेवायला हवी होती गं."

"मग पोपटशेठ पुन्हा अडले असते," मी म्हणाले.

"अडला असता," त्या म्हणाल्या. "मग पाचच बरोबर."

गावात आल्यावर त्यांनी बायका गोळा केल्या आणि पाळ्या लावल्या. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून दुकान उघडं असेल तेवढा वेळ दोन बायकांनी यंत्रापाशी बसायचं. रात्री दुकान बंद झाल्यावर किल्ली काकूंकडे. रणपिसे आधी तयार नव्हते. पण यंत्र तिथे ठेवताना त्यांनीच सही केली होती, की मतदार महिलांना ते केव्हाही पाहता येईल. ती अट त्यांनीच मागून घेतली होती, गिरणीतलं यंत्र स्वतःला पाहता यावं म्हणून.

तर बायका दारूच्या दुकानात बसू लागल्या. नुसत्या कशा बसणार? कुणी तांदूळ निवडायला आणले, कुणी गोधडी शिवायला. ठकूआजींची पाळी सकाळची. त्या दारातच बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या आईचं नाव घेऊन विचारायच्या, "हौसाचा ना रं तू? काय पायजे?" ज्याला विचारलं तो "काडेपेटी" म्हणून परत जायचा. रणपिसेंना काडेपेट्या ठेवाव्या लागल्या. सोपान तेवढा येत राहिला. तोही चार दिवसांनी यायचा बंद झाला, कारण त्या दिवशी त्याच्या सासूची पाळी होती.

दिवाळीनंतर मी गेले तेव्हा गिरणीपुढे डब्यांची ओळ रस्त्यापर्यंत आली होती. पायरीवर कुणी लोळत नव्हतं, कारण पायरीवर पापड वाळत होते. रणपिसे दुकानात स्टुलावर बसून मटार सोलत होते.

"कुणाचे?" मी विचारलं.

"काय माहीत. इथे बसलं की हातात देतात," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पेपरवाल्या ताई, एक बातमी छापा. मला हे दुकान बंद करून हवंय. मी अर्ज केलाय."

"कशाचा?"

"दारूबंदी तातडीने अंमलात आणा म्हणून."

हा अर्ज मी पाहिला आहे. 'गावातील महिलांच्या निर्णयाचा सन्मान राखून माझे दुकान सील करावे,' असं त्यात होतं. त्यावर हरकत आली होती. हरकत घेणाऱ्या होत्या समस्त महिला, कोल्हेदरा. दुकान सील केल्यास महिलांचं मतदान रद्द होईल, सबब दुकान चालू ठेवावं. शिरसाटांनी दोन्ही कागद मला दाखवले आणि विचारलं, "तुम्ही यातल्या कुठल्या बाजूच्या?"

पुढच्या उन्हाळ्यात रणपिसे गिरणीत आले. मीही तिथे होते. काकू चक्कीवर होत्या. रणपिसेंनी टोपी काढून हातात घेतली.

"काकू, मी परवानाच परत करतो. लिहून देतो. दुकान काढून टाकतो, त्या जागी रसवंती टाकतो. तुम्ही फक्त यंत्राचं बटण पाडा. एकदाचं संपू दे."

"बटण पाडलं तर आमचं मत जाईल."

"जाऊ दे की! मत कशाला दिलं होतं? दुकान बंद व्हावं म्हणूनच ना? होतंय बंद!"

चक्कीचा आवाज होता म्हणून दोघं ओरडूनच बोलत होती. काकूंनी चक्की थांबवली. गिरणीत एकदम शांत झालं.

"कोण बंद करतंय?" त्यांनी विचारलं.

"मी!"

"तेच तर," काकू म्हणाल्या. "आज तू बंद करतोस. उद्या तुझ्या पोराला वाटलं की उघडेल. आम्ही मत दिलं होतं की नाही हे तेव्हा कुणाला विचारायचं? बटण पाडलं की ते कुठेच नसेल."

"दोन वर्षं तुम्ही हेच मागत होता काकू."

"हो."

"मग घ्या ना!"

काकूंनी दळून झालेला डबा उचलला. तो काट्यावर ठेवला, वजन पाहिलं आणि काटा रणपिसेंकडे वळवला. त्यांचाच डबा होता. घरून बायकोने दळायला पाठवलेला. रणपिसेंनी वजन पाहून मान हलवली आणि डबा घेऊन गेले.

जाताना दारात थांबून म्हणाले, "विचार करा. माझी काही घाई नाही. घाई तुम्हाला हवी. तुम्ही सत्तरीच्या झालात."

"तुझा कागद ठेव तयार," काकू म्हणाल्या.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. निनाद दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिथूनही गेला. त्याचा नंबर लागत नाही. जिल्ह्यातला तो प्रयोग पुढे दुसऱ्या कुठल्या गावी झाला नाही, पण तो संपल्याचंही कुणी लिहून दिलेलं नाही. शिरसाट निवृत्त झाले. कोल्हेदऱ्याची फाइल नव्या निरीक्षकांकडे आहे आणि तीत दुकानाची स्थिती या रकान्यात काहीही लिहिलेलं नाही. रणपिसेंचा परवाना परत करण्याचा कागद सही करून तयार आहे. तो त्यांनी मला दाखवला. तारखेची जागा मोकळी आहे. गिरणी चालते.

गेल्या मंगळवारी दुपारी मी काकूंना फोन केला. त्यांची पाळी होती. मागे पंख्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी तांदळातले खडे ताटात टाकत होतं, ते ऐकू येत होतं.

"काकू, दुकान बंद की चालू?" मी विचारलं. आमच्यात आता तो प्रश्न नमस्कारासारखा झाला आहे.

"तुझ्या त्या साहेबांना अजून जागा ठेवायचीय का पेपरात?"

"ते निवृत्त झाले."

"सगळेच होतात बाई," काकू म्हणाल्या. "पोपट काल पुन्हा आला होता. म्हणाला, आज तारीख घालतो, तुम्ही तेवढं बटण..."

बोलता बोलता त्या थांबल्या. पंख्याचा आवाज मंद होत होत बंद झाला.

"काकू?"

"लाइट गेली," त्या म्हणाल्या.

फोन चालूच होता. कुणीतरी ताट खाली ठेवलं. मी पावलांच्या आवाजाची वाट पाहत होते, मग इंजिनाच्या. बॅटरीला अर्धा तास असतो. एका बाईचा आवाज आला, "काकू, मी जाऊ का इंजिन लावायला?" त्यावर काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, आणि रेंज गेली.

मी त्यानंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो बंद होता.